तीन माणसांचा बंब

मी नगरपालिकेच्या बंबावर लागलो तेव्हा एका गाडीवर सहा माणसं असायची. एक ड्रायव्हर, एक तांडेल म्हणजे आमचा म्होरक्या, आणि चार फायरमन. साठीचं दशक संपत आलं होतं. मी मुरगूडचा. शेतात मन लागत नव्हतं, शाळा अर्ध्यात सुटलेली, छाती मात्र भरलेली. तांडेलनं मला पाण्यानं भरलेल्या दोन बादल्या घेऊन शिडी चढायला लावली आणि खाली उतरल्यावर म्हणाला, "उद्यापास्नं ये."

माझ्यानंतर सहा महिन्यांनी कोडोलीचा एक गडी लागला. माझ्याच वयाचा, बोलायला फटकळ, हसायला मोठा. आमच्या खाटा शेजारी-शेजारी होत्या. होजचं, म्हणजे पाण्याच्या जाड नळीचं, पितळी तोंड मी धरायचो आणि तो मागून माझ्या पाठीला छाती लावून उभा राहायचा. पाण्याचा जोर इतका असतो की मागं माणूस नसेल तर होज धरणाऱ्याला उचलून आपटतो. त्यामुळं त्याच्या छातीची ओळख मला त्याच्या तोंडापेक्षा जास्त होती.

आमच्यातली निम्मी माणसं हंगामी होती. दर वर्षी पालिकेनं मंजुरी दिली तर नोकरी, नाहीतर घर. त्यांना कायम करायचं तर पगाराची सोय हवी, म्हणून घरफाळ्यात बंबासाठी एक लहानसा कर वाढवावा असा ठराव आला. बाहेरगावचे लोक घरपट्टी म्हणतात, आम्ही घरफाळा म्हणतो. ठराव यायचा अवकाश, गावात बोंब उठली. पेठेपेठेतून लोक पालिकेवर चालून आले. आमच्या स्टेशनच्या भिंतीवर कुणीतरी डांबरानं लिहिलं, 'फुकटे'. तांडेलनं ते स्वतः रॉकेल लावून घासून काढलं, पण डाग राहिलाच.

सभेच्या दिवशी सुट्टी असलेले आम्ही चौघं, तांडेल धरून, सभागृहात मागं जाऊन बसलो. ठरावाच्या विरोधात गूळ बाजारातले एक अडतदार सभासद उभे राहिले. त्यांचं बोलणं गोड असायचं.

"गावात आगी लागतात किती? हाताच्या बोटांवर मोजाव्यात एवढ्या," ते म्हणाले. "आणि बंबवाली दिवसभर काय करत्यात? पत्तं कुटत बसत्यात. आता त्यांच्या पत्त्यांसाठनं गोरगरिबानं फाळा भरायचा?"

सभागृह हसलं. पत्ते आम्ही खेळायचो, ते खोटं नव्हतं. आग नसेल तेव्हा आगवाल्यानं काय करावं याचं उत्तर मला आजही नीट देता येणार नाही.

माझ्या शेजारची खुर्ची मोकळी झाली तेव्हा मला कळलं. कोडोलीचा बाकांवरून उड्या टाकत पुढं गेला होता. त्यानं अडतदारांच्या कोटाची कॉलर धरून त्यांना उभं केलं आणि स्वतःची बाही मागं सारली. दंडापासून मनगटापर्यंत भाजल्याची जुनी कातडी होती.

"ह्यो बघा पत्ता," तो म्हणाला. "ह्यो कुठल्या डावातला हाय, सांगा."

मागून कुणीतरी त्याच्या डोक्यात खुर्ची घातली. तो गुडघ्यावर आला. मग चार-पाच जणांनी त्याला लाथांनी तुडवला. त्यात दोघं माझ्या ओळखीचे होते, रोज आमच्या स्टेशनसमोरून सायकलवर जाणारे. तांडेल आणि मी मध्ये घुसलो, मार खाल्ला आणि त्याला पायऱ्यांवरून ओढत खाली आणला. त्याच्या कानामागून रक्त येऊन सदरा पाठीला चिकटला होता. वर ठराव पडला, त्याच्या टाळ्या आम्हाला खाली ऐकू आल्या.

महिन्याभरात हंगामी माणसं काढली. यादीत पहिलं नाव त्याचं होतं. मी सहा महिने आधी लागलो होतो म्हणून कायम झालो होतो. आमच्या दोघांत फरक तेवढाच.

हेल्मेट आणि बूट जमा करताना तो मला म्हणाला, "बाजारात हमाली मिळत्या म्हणं. पोतं काय कायम का हंगामी इचारत न्हाय."

मी त्याची खाट भिंतीला उभी करून ठेवली.

त्यानंतर एका पाळीला गाडीवर आम्ही तिघं राहिलो. ड्रायव्हर, तांडेल आणि मी. दुसरी गाडी माणसांवाचून शेडमध्ये उभी. ड्रायव्हरला पंपापाशी थांबावंच लागतं, म्हणजे होजवर दोघं. दुसरी होज लावायला कुणी नाही, आत शिरायला कुणी नाही, बघ्यांना मागं सारायला कुणी नाही. लहानसहान आगी आम्ही तशाच काढल्या. गवताच्या गंज्या, एक लाकडाची वखार, एका बोळातली चार घरं. प्रत्येक वेळी तांडेल परतताना म्हणायचा, "भागलं." पण त्याचा आवाज दर खेपेला खाली जायचा.

पुढच्या उन्हाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला वर्दी आली. आगीची खबर येते तिला आम्ही वर्दी म्हणतो. गूळ बाजारात बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं, गोदाम पेटलं होतं. कशानं पेटलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा गोदामाचं छप्पर धुरात दिसत नव्हतं. बारदान जळतं ते भडकून नाही, आतल्या आत चिडून जळतं, आणि त्याचा धूर घशात सुतळीसारखा अडकतो. त्याच्या शेजारी, एकाच भिंतीला लागून, गुळाचं गोदाम. तिथं रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या छताला टेकलेल्या. भिंत तापली होती आणि दाराखालून वितळलेला गूळ रस्त्यावर यायला लागला होता. काळा, जाड, वर निळ्या ज्वाळा घेऊन.

बाजार भरलेला होता. गाडी थांबायच्या आधीच पहिला दगड काचेवर आला.

"आता आलासा व्हय?" कुणीतरी ओरडलं. "आनी तिघंच? बाकीची पत्तं खेळाय बसल्यात काय?"

ड्रायव्हरला त्यांनी दारातून ओढून काढला. तो म्हणत होता, "आरं पंप चालू करू द्या, पंप." त्याच्या तोंडावर मारल्यामुळं शब्द नीट येत नव्हते. तांडेलनं त्याला सोडवला, पण ते करताना त्याच्या बरगडीत कुणाची तरी काठी बसली आणि तो वाकला तो दिवसभर वाकलेलाच राहिला. तरी पंप सुरू झाला. मी होज घेऊन धावलो, तांडेल माझ्या मागं. पाणी आलं तेव्हा दोघंही पाच पावलं मागं फेकलो गेलो. तांडेलच्या अंगात जोर उरला नव्हता.

मग लोक होजला लागले. ज्याचं दुकान ज्या बाजूला, तो त्या बाजूला ओढायचा. एकानं शिवी देऊन माझ्या हातातून तोंड हिसकलं, ते पाणी उडून तिसऱ्याच्या छातीवर बसलं आणि तो नाल्यात पडला. मागं कुणीतरी कोयत्यानं होज कापली. पाणी मध्येच फुटलं. मी गाडीवरून दुसरा तुकडा आणला, जोड आवळायला लोखंडी पान्हा काढला. हातभर लांबीचा पान्हा तो. जोड आवळून उठतोय तोवर माझ्या गालावर दगड बसला. तोंडात दात हलला आणि रक्ताची चव आली.

मला तेव्हाचं सगळं तुकड्या-तुकड्यांत आठवतं. पण हे नीट आठवतं. धोतर आणि काळी टोपी घातलेला एक माणूस होजला दोन्ही हातांनी लोंबकळला होता आणि ती गोदामाच्या मागच्या बोळाकडं ओढत होता. काहीतरी ओरडत होता. त्याचं तोंड उघडझाप करताना मला दिसत होतं. पंपाच्या आवाजात शब्द पोचत नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला ऐकायचंही नव्हतं. मी पान्हा उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला.

मारताना मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तो खाली बसला. दोन्ही हात डाव्या डोळ्यावर, बोटांमधून रक्त. टोपी गुळात पडली आणि पेटली.

त्याच क्षणी माझ्या पाठीला एक छाती लागली. मी न बघता ओळखली.

"मर्दा, तुला ऐकू येत न्हाय काय?" कोडोलीचा माझ्या कानात ओरडला. अंगात हमालाचा निळा सदरा, खांद्यावर पोत्याचं टोपडं. "मागल्या माळ्यावर दोघं अडकल्यात म्हणतोय त्यो. त्याचा धाकटा भाऊ आनी एक म्हातारा हमाल. जिना जळलाय. होज मागं घे."

ज्याला मी मारला तो त्या गोदामाचा दिवाणजी होता, दुकानाची लिखापढी सांभाळणारा.

आम्ही होज मागं घेतली. तांडेल, मी आणि कोडोलीचा, तिघांनी मिळून. आता ती हलत नव्हती. मागच्या खिडकीवर पाणी मारून आम्ही ज्वाळा दाबल्या. कोडोलीच्यानं टोपडं पाण्यात बुडवून डोक्यावर घेतलं. तांडेल म्हणाला, "तुझं काम न्हवं हे आता." तो म्हणाला, "माझं न्हाय तर कुणाचं? दोघंच हायसा तुमी." आणि शिडी लावून वर गेला.

त्यानं दिवाणजीचा भाऊ खिडकीतून खाली सोडला. मी त्याला झेलला. त्याचे केस जळले होते, पण तो खोकत होता, म्हणजे जिवंत होता. कोडोलीचा पुन्हा आत गेला. म्हाताऱ्याला त्यानं खिडकीपर्यंत आणलेलं मला दिसलं. त्याचा पांढरा मुंडासा दिसला. मग माळा बसला. मोठा आवाज झाला नाही. लाकडं मोडण्याच्या आधी एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला आणि दोघं खिडकीतून दिसेनासे झाले. खाली वितळलेला गूळ साचलेला होता.

आम्ही मागचं दार पहारीनं फोडलं. कोडोलीचा दाराच्या आतच होता, कमरेपर्यंत गुळात. पेटलेला गूळ अंगाला चिकटतो, तो झटकता येत नाही. मी त्याला काखेत धरून ओढलं तेव्हा त्याच्या पायांची कातडी गुळाबरोबर मागं राहिली. तो ओरडला नाही. माझ्या हाताला चावला. म्हातारा आतच राहिला.

तोवर पोलीस आले आणि त्यांनी लाठ्या चालवल्या. पळणाऱ्या माणसांत काही गुळात पाय अडकून पडलेले होते, त्यांच्यावर मागचे चढून गेले. बाजारात वहाणाच वहाणा चिकटलेल्या दिसत होत्या. आग संध्याकाळी विझली. विझली म्हणजे जळायचं संपलं.

तांडेल सरकारी दवाखान्यात बरगड्या बांधून घेऊन थेट स्टेशनवर आला. कोट न काढता त्यानं वर्दीची वही उघडली. मी समोर उभा होतो. त्यानं लिहिलं की मनुष्यबळ अपुरं असल्यामुळं वर्दीवर निघताना अमुक माणूस रोजंदारीवर घेतला. अडचणीच्या वेळी रोजावर माणसं घ्यायची जुनी वहिवाट होती. पण त्यानं तसं घेतलं नव्हतं. कोडोलीचा आपल्या पायानं आला होता.

"सही कर," तो मला म्हणाला.

"हे खोटं हाय, तांडेल."

"व्हय. कर."

मी केली. माझ्या हातावरच्या दातांच्या खुणांतून रक्त येत होतं, त्याचा डाग वहीवर पडला.

कोडोलीचा चार दिवस जगला. त्याची बायको उशाशी बसून असायची. सावळी, किडकिडीत, कपाळाला मोठं कुंकू. ती रडत नव्हती, माश्या हाकलत होती. तिसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, "म्हातारा निघाला?"

मी म्हणालो, "निघाला."

त्यानं डोळे मिटले. बायकोनं माझ्याकडं बघितलं. म्हाताऱ्याची मयत तिनं दवाखान्याच्या आवारातूनच जाताना बघितली होती. ती पुन्हा माश्या हाकलायला लागली.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी चौकशी बसली. टेबलापलीकडं पालिकेचे साहेब आणि एक लिहून घेणारा कारकून. भिंतीशी अडतदार सभासद बसलेले, दोन्ही हातांना पट्ट्या. आगीत त्यांनी स्वतःच्या हातांनी रवे बाहेर काढले होते असं ऐकलं होतं. आणि कोपऱ्यात दिवाणजी, डाव्या डोळ्यावर कापूस.

मला विचारलं, तो मयत माणूस कामावर होता का? मी म्हणालो, होता, तांडेलनं निघतानाच घेतला होता. साहेबांनी वहीकडं बघितलं. मग विचारलं, "दिवाणजींना इजा कशानं झाली? कुणी बंबवाल्यानं मारलं असं काही लोक सांगतात."

मी तांडेलकडं बघितलं. तो खाली बघत होता. खरं सांगितलं तर मी मारकुटा ठरणार, आणि मग माझ्या वहीतल्या सहीवरही कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. तो कामावर नव्हता असं ठरलं की कोडोलीच्याच्या बायकोला पालिकेकडून काही मिळणार नव्हतं. हे सगळं मी तेव्हा विचार करून ठरवलं असं म्हणायला मला आवडेल. पण मला नोकरीचीही भीती होती. दोन्हींतलं कुठलं जास्त होतं ते मला माहीत नाही.

"वरनं कौल पडलं," मी म्हणालो.

साहेब दिवाणजीकडं वळले. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. दिवाणजीनं उरलेला डोळा माझ्यावर रोखला.

"मला काय लागलं ते दिसलं न्हाई," तो म्हणाला.

कारकुनानं लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्याच्या मागं गेलो. म्हणालो, "दिवाणजी, मी..."

त्यानं हात वर करून मला थांबवलं. "त्या बाईचं नुकसान नको म्हणून गप बसलो. माझा भाऊ तिच्या नवऱ्यानं काढला. तुमच्यासाठनं न्हवं. तुमी माझ्याशी बोलू नका."

पुढं कित्येक वर्षं आम्ही एकाच गावात होतो. मंडईत तो समोरून आला की मी थांबायचो आणि तो तोंड उजवीकडं वळवायचा, म्हणजे गेलेला डोळा माझ्या बाजूला यायचा. एकदा दिवाळीत मी त्याच्या दारापर्यंत गेलो. त्याच्या भावानं दार उघडलं, मला ओळखलं, पाणी आणून दिलं. आतून दिवाणजीचा आवाज आला, "कोण हाय?" भाऊ म्हणाला, "कोण न्हाई, चुकलेलं पावणं हाईत." मी पाणी पिऊन उतरलो.

बंबाचा कर पुन्हा ठरावाला आला. तेव्हाही सभागृहाबाहेर दगड पडले, तेव्हाही शिव्या झाल्या. म्हाताऱ्या हमालाची पोरं आत घुसली होती. ती बंबवाल्यांच्याही अंगावर आली आणि सभासदांच्याही. त्यातल्या थोरल्यानं माझ्या तोंडावर थुंकलं. मी पुसलं आणि उभा राहिलो. अडतदारांनी भाषण केलं नाही. त्यांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केला, पट्टी सुटलेला, गुलाबी कातडीचा, आणि मान खाली घालून बसले. ठराव थोडक्यात पास झाला. काढलेल्या माणसांना परत बोलावलं. त्यातले दोघं तोवर चंदगडकडं लाकडाच्या कामाला गेलेले, ते आलेच नाहीत. तरी गाडीवर पुन्हा सहा माणसं झाली. नव्या गड्यानं पहिल्यांदा माझ्या मागं उभं राहून छाती टेकवली तेव्हा मी होज सोडून बाजूला झालो. तांडेलनं बघितलं आणि मला पंपावर घातलं. चार-सहा महिन्यांनी मी पुन्हा होजवर आलो.

कोडोलीच्याच्या बायकोला पालिकेत शिपाई म्हणून घेतलं, आणि साहेबांनी तिला नेमकं घरफाळ्याच्या खात्यात टाकलं. बिलं घरोघर वाटायचं काम. तिला वाचता येत नव्हतं, पण गल्ल्या आणि दारं तिनं महिन्याभरात पाठ केली. नव्या करासकट पहिली बिलं निघाली त्या दिवशी दुपारी ती आमच्या स्टेशनवर टेकायला आली. खांद्याला बिलांची पिशवी. एका पायाची वहाण तुटलेली.

मी माठातलं पाणी दिलं. ती म्हणाली, "येकानं बिल माझ्या तोंडावर फाडलं. म्हणला, बंब कशाला पायजे गावाला, आग लागंल तवा बघू."

तांडेलनं हातातली पत्त्यांची पानं खाली ठेवली.

"मग तुमी काय म्हणलासा, वैनी?" मी विचारलं.

"म्हणलं, फाटलं तरी भरावं लागतंय. उद्या दुसरं लिवून आणून देतो." तिनं तांब्या खाली ठेवला. "चांगला दांडगा माणूस हुता. माझ्या अंगावर आला. मी हललोच न्हाय. मग त्योच आत गेला."

वहाणेचा अंगठा तिनं सुतळीनं बांधून घेतला, पिशवी खांद्याला लावली आणि पुढच्या गल्लीकडं निघून गेली.